स्पष्ट 'नाही' म्हणायला जमतं का तुम्हाला? (गोव्यात घर असलेल्यांनी तर लिहाच)

पर्वरीची_वैशू

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. आम्ही पर्वरीला राहतो, टू बीएचके, मी, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. नोव्हेंबर लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. परवा पुण्याच्या मामेबहिणीचा आला, "अगं २८ ते २ येतोय, आम्ही चौघं आणि ह्यांच्या ऑफिसातलं एक जोडपं. आमचं काही नाही गं, हॉलमध्ये गाद्या टाकल्या की झालं. थिवी स्टेशनला घ्यायला येशील ना?" मी म्हणाले, "बघते, कळवते." म्हणजे तिच्या लेखी ठरलंच. इकडे मुलाची प्रिलिम जानेवारीत, सासूबाईंना रात्री नीट झोप लागत नाही, हॉलमध्येच त्यांची खाट.

माझं असं होतं की राग येतो तो फोन ठेवल्यावर. फोनवर मी गोड. मग आठवडाभर भांडी आपटते आणि सगळं नवऱ्यावर निघतं, त्या बिचाऱ्याला कळतही नाही काय झालंय. मला माणसं आवडतात हो, घर भरलेलं आवडतं, पण कधी भरायचं ते मला ठरवता आलं पाहिजे ना? असर्टिव्हनेसवर, म्हणजे न दुखावता ठामपणे बोलण्यावर, व्हिडिओ पाहिले तर सगळे ऑफिसच्या मीटिंगमधले. मामेबहिणीला 'ह्या माझ्या बाउंडरीज' असं कोण सांगणार! नातं न तोडता सरळ बोलायला कुणाला जमलंय का? कसं?

टवाळ_पोर

जूनमध्ये बोलवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी नाही म्हटलं की अर्धे पाहुणे आपोआप गळतात.

म्हापशेकर

@टवाळ, हा उपाय करून झालाय. मासळी नाही म्हटलं तर "चिकन चालेल की". पाऊस फार आहे म्हटलं तर "आम्हाला पावसातलाच गोवा बघायचाय". नळाला पाणी कमी येतं म्हटलं तर "आम्ही काय रोज डोक्यावरून अंघोळ करतो होय". शेवटी गाडी सर्व्हिसिंगला आहे म्हटलं तर मोपा विमानतळावरून टॅक्सी करून थेट दारात.

वैशूताई, अनुभवाने सांगतो, सबब सांगितली की समोरचा ती सोडवायला बसतो. आणि त्याने ती सोडवली की तुमच्याकडे नाही म्हणायला काही शिल्लक राहत नाही. वर खोटं बोललो म्हणून मनात खुट्ट. मी हल्ली कारण देतच नाही. "ह्या वेळी जमणार नाही." पुढे गप्प. ती दोन-चार सेकंदांची शांतता सोसली की सुटलो.

रानजाई

गप्प राहणं हेच तर अवघड आहे ना. मी त्या शांततेत घाबरून "बरं या मग" म्हणते.

अण्णा_बोरी

धागा वाचून वाईट वाटले. आमच्या बोरीच्या घरी जत्रेला पंचवीस-तीस माणूस उतरायचे. देवळापुढे नाटक पहाटेपर्यंत चालायचे, मग सगळे ओसरीवर चटया टाकून आडवे. कोणी फोन करून विचारत नव्हते, फोन होते कुठे म्हणा. दोन दिवस नातलग घरी आले तर एवढे काय मोडून पडते? हल्ली सगळ्यालाच 'स्पेस' लागते.

मीरा_फोंडा

अण्णा, आदर ठेवून विचारते, त्या पंचवीस माणसांचा स्वयंपाक कोण करायचं? आणि पाहुणे आले की तिला कुणी विचारायचं का, की बाई तुला जमतंय का?

चहाबाज

मीरातैंनी पहिल्याच चेंडूवर अण्णांची विकेट काढली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मोडेन_पण

काय एवढं अवघड आहे कळत नाही. मी सरळ तोंडावर सांगतो. मेव्हण्याला सांगितलं, माझं घर लॉज नाही. पुन्हा फोन आला नाही. आपण स्पष्टवक्ते, कुणाला पटो न पटो.

रानजाई

@मोडेन_पण, मेव्हण्याचा फोन आला नाही हे ठीक. बायको बोलते का तुमच्याशी?

मोडेन_पण

त्या विषयावर नाही.

निशिगंध

मी शाळेत समुपदेशक आहे, रोज मुलांशी आणि त्याहून जास्त पालकांशी हेच बोलावं लागतं, म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

वैशूने जे लिहिलंय, फोनवर गोड आणि नंतर भांडी आपटणं, तो आपल्या घराघरातला प्रकार आहे. आपण एकतर गिळतो, नाहीतर मोडेन_पण यांच्यासारखे फुटतो, आणि ह्या दोन्हीच्या मधे टोमणे मारतो. टोमण्यात आपण खूप पुढारलेले आहोत. "या की, आमचं काय, आम्ही आहोतच" हे वाक्य अशा सुरात म्हणता येतं की समोरच्याला झोंबतं पण धरता येत नाही. ह्या तिन्हीत एक गोष्ट होत नाही, आपल्याला काय हवंय ते समोरच्याच्या कानावर जात नाही.

थॉमस गॉर्डन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची एक साधी पद्धत पालकांना मी शिकवते. वाक्य 'तू'ने सुरू न करता 'मी'ने करायचं. "तू नेहमी न विचारता ठरवतेस" म्हटलं की समोरची लगेच बचावाला उभी राहते, "नेहमी? कधी ठरवलं मी?" आणि मूळ विषय बाजूलाच. त्याऐवजी "आधी विचारलं नाहीस की मला घरचं काही जुळवता येत नाही, आणि मग माझी चिडचिड होते." यात वाद घालायला जागा कमी, कारण तुझी चिडचिड होत नाही असं कोण म्हणणार? पण घोकलेलं वाटलं की नाटकी होतं, तेव्हा आपल्या बोलीत बसवून घ्यायचं.

दुसरी युक्ती अडकलेल्या रेकॉर्डची. समोरून काहीही आलं तरी तेच वाक्य, त्याच आवाजात. आवाज चढला तर युक्ती फसली समजा.

आणि भीती घालवायची असेल तर अल्बर्ट एलिस आठवा, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. स्वभावाने लाजाळू, मुलींशी बोलायची धडकी. १९ वर्षांचा असताना त्याने न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं असं स्वतःला बजावलं. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, ती पण आली नाही. पण कुणी थप्पड मारली नाही, पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती मात्र गेली. पुढे तो त्याच्याकडे येणाऱ्या लोकांना मुद्दाम लाज वाटेल अशी कामं करायला सांगायचा, उदाहरणार्थ केळ्याला दोरी बांधून रस्त्यावरून कुत्र्यासारखं फिरवणं.

टवाळ_पोर

मिरामारच्या किनाऱ्यावर केळं फिरवलं तर कोणी बघणार पण नाही, लोक म्हणतील सीझन सुरू झाला.

चहाबाज

मोयरेचं केळं घेतलं तर दमेल ओढून ओढून. लांबी बघितलीय का त्याची?

म्हापशेकर

हसतो आहोत, पण छोट्या जागी सराव करायचा हा मुद्दा खरा आहे. मी शुक्रवारच्या बाजारात केला. मासळीवाली वाट्यात वरती ताजे बांगडे ठेवते आणि खाली मऊ पडलेले. आधी गपचूप घेऊन यायचो आणि घरी बोलणी खायचो. एकदा म्हटलं, "बाय, सकयले (खालचे) दोन बदल." तिने माझ्याकडे बघितलं, चार शब्द पुटपुटली आणि बदलले. वर पुढच्या खेपेला हाक मारून चांगला वाटा दिला. बसमध्ये कंडक्टर "सुटे नात" म्हणून पुढे सरकतो तेव्हा उतरण्याआधी आपले पैसे मागणं, हा पण सरावच. रुपये किती ते महत्त्वाचं नाही, तोंड उघडणं महत्त्वाचं.

शिफ्ट_ड्युटी

दक्षिण गोव्यात एका रिसॉर्टवर फ्रंट ऑफिसला आहे. आमच्याकडे सगळ्याला एकच उत्तर, "सीझन आहे". डबल शिफ्ट का? सीझन आहे. ऑफ कॅन्सल का? सीझन आहे. गेल्या डिसेंबरात सलग डबल लागल्या तेव्हा सुपरवायझरकडे गेले. मैत्रिणी म्हणाल्या रडून सांग, तब्येतीचं सांग. मी म्हटलं रडायचं नाही आणि आजारी पण पडायचं नाही. काय सांगितलं ते असं, "सर, शनिवारी डबल करते. रविवारी करणार नाही. सोमवारी सकाळची घेते." म्हणजे काय करीन ते आधी, काय नाही ते मधे. तोंडी बोलून झाल्यावर तेच व्हॉट्सॅपवर टाकलं, "आत्ता बोललो त्याप्रमाणे" म्हणून. ही शेवटची पायरी विसरू नका, नाहीतर रोस्टर लागतो तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

ते खूश झाले असं नाही. पण रविवार मिळाला.

लेखणी_मडगाव

तुम्ही कायम आहात म्हणून. आमच्या कंपनीत सगळे कॉन्ट्रॅक्टवर, सहा महिन्यांनी कागद नवीन होतो. तिथे 'मी'ने सुरू होणारं वाक्य बोललं की पुढचा कागद येत नाही. हे असर्टिव्हनेसचं खूळ ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचं आहे. सुनेला सांगा, कंत्राटी माणसाला सांगा, घरमालकाच्या दयेवर असणाऱ्याला सांगा, स्पष्ट बोल! परिणाम कोण भोगणार?

शिफ्ट_ड्युटी

@लेखणी, मी पण कॉन्ट्रॅक्टवरच आहे. भीती होतीच. पण तुमचं खोटं आहे असं नाही म्हणणार, आमच्यातली एक जण बोलली आणि पुढच्या सीझनला तिला बोलावलं नाही. मी बोलले तेव्हा डिसेंबर होता आणि माझ्या जागी माणूस मिळणार नव्हता हे मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये नसते बोलले.

निशिगंध

@लेखणी, सहमत. स्पष्ट बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी, प्रत्येकाशी, सगळं बोलणं नव्हे. गप्प बसायचं हे पण ठरवून करता येतं. भीतीने गप्प बसणं आणि हिशोब करून गप्प बसणं यात घरी गेल्यावर फरक पडतो, भांडी आपटावी लागत नाहीत. आणि जिथे एकट्याने बोलणं महाग पडतं तिथे चौघांनी मिळून बोलावं, त्यात कमीपणा नाही.

बार्देसकर

चौघांनी बोलण्यावरून. आमच्या गावच्या ग्रामसभेत दोन प्रकारची माणसं, एक आरडाओरडा करणारी आणि दुसरी मागे उभी राहून "कांय जावचें ना" (काही होणार नाही) म्हणणारी. मी दुसऱ्यातला. शेताच्या कडेने भराव घालायला लागले तेव्हा आम्ही काही जणांनी ठरवलं की ओरडायचं नाही. एकेकाने एकच प्रश्न, कागदावर लिहून आणलेला. "ह्या सर्व्हे नंबरात भराव घालायला परवानगी दिली आहे का? होय की नाही?" सरपंच म्हणाले बघूया. परत तोच प्रश्न. चौकशी करू. परत तोच. निशिगंध म्हणतात ती रेकॉर्ड ती हीच असणार, आम्हाला नाव माहीत नव्हतं. शेवटी "प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात लिहा" म्हटल्यावर सचिवांनी पेन काढलं. ओरडणाऱ्यांचं काहीच लिहिलं जात नाही हे त्या दिवशी कळलं. भरावाचं पुढे काय झालं तो वेगळा धागा होईल.

टवाळ_पोर

काढाच तो धागा.

अण्णा_बोरी

मीराताईंच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. स्वयंपाक आजी, आई आणि दोन काकी करायच्या. आणि आजीला कोणी विचारायची गरज नव्हती, तीच सांगायची. रात्री उशिरा कोणी आले तर दारातच म्हणायची, "शीत सोंपलां, पेज आसा. जेवतलो जाल्यार बस." (भात संपला, पेज आहे. जेवणार असशील तर बस.) कोणी मुरका मारला तर पुढे एक शब्द नाही. चवथीच्या आधी चार दिवस कोणीही मुक्कामाला यायचे नाही, माटोळीचे (गणपतीवर फळे-पाने टांगायच्या मांडवीचे) आणि फराळाचे काम असते, हे तिने सगळ्या सोयऱ्यांना सांगून ठेवले होते, अगदी माझ्या आत्याच्या यजमानांना देखील. आणि ते यायचे नाहीत! रागावल्याचे कोणी ऐकले नाही. लिहिता लिहिता वाटते की ती माणसे न विचारता येत होती कारण आजी नको तेव्हा नको म्हणेल याची खात्री होती. तरी आजकालच्या 'स्पेस'बद्दल माझे मत तेच आहे.

मीरा_फोंडा

अण्णा, ह्या प्रतिसादाला दंडवत. काकींनाही तसं म्हणता येत होतं का, हा पुढचा प्रश्न विचारत नाही.

अण्णा_बोरी

काकींना नाही. खरे आहे.

घरधनीण

एक वेगळाच प्रकार. माझा नवरा कुणालाही नाही म्हणत नाही, तो म्हणतो "बायकोला विचारून सांगतो". आणि नंतर "ती नको म्हणतेय रे". असं करून त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या नकारांची मालकीण मी. त्याच्या मित्रांच्यात मी म्हणजे हिटलर. स्कूटर मागायला आले तरी तेच, "गाडी तिची आहे".

म्हापशेकर

स्कूटरवरून आठवलं, हे मात्र कारणासकट सांगत जा. लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी दिली तर मालकालाही ५००० रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर विम्याचं त्रांगडं वेगळंच. पाहुण्यांना भाड्याची गाडी घेऊ दे, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली. पांढऱ्या पाटीची कुणी भाड्याने देत असेल तर तीही नको.

चहाबाज

@घरधनीण, लोल. आमच्याकडे उलट, "ह्यांना चालत नाही". मला काय काय चालत नाही ते मला लोकांकडून कळतं.

पर्वरीची_वैशू

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. फोन करायची हिंमत नाही, मेसेज करणार आहे. मसुदा टाकतेय, हाणा:

"ताई सॉरी गं, खूप वाईट वाटतंय सांगताना, पण ह्या वेळी जरा अवघड दिसतंय, याची प्रिलिम आहे आणि आईंचं पण तब्येतीचं चालूच असतं, तरी तुझं अगदीच अडत असेल तर बघूया काहीतरी, राग मानू नकोस प्लीज, सॉरी."

टवाळ_पोर

ह्याचा अर्थ मी 'या' असा घेतला. सहा तिकिटं काढली.

म्हापशेकर

'तरी तुझं अगदीच अडत असेल तर' हे पहिलं काढा. तिचं अडणारच आहे. 'जरा अवघड दिसतंय' काढा, 'जमणार नाही' लिहा. आणि प्रिलिम पण काढा. पुढच्या वर्षी प्रिलिम नसेल, मग काय सांगाल?

निशिगंध

प्रिलिमबद्दल मी म्हापशेकरांशी असहमत. सख्ख्यासारख्या बहिणीला काहीच कारण न देणं कोरडं होतं, आणि इथे कारण खरं आहे. खरं कारण एकदा सांगावं, पण वाटाघाटीला ठेवू नये. "आम्ही आवाज करणार नाही" असं तिकडून आलं तर त्यावर चर्चा नाही, परत "जमणार नाही" एवढंच. आणि सॉरी एकही नको, तू काही वाईट केलेलं नाहीस.

म्हापशेकर

मी तरी कारण देणार नाही. पण बहीण तुमची.

घरधनीण

ऑफिसातल्या जोडप्याचं वेगळं लिही. आत्ता ते गाळलंस तर मेमध्ये तेच जोडपं परत.

शिफ्ट_ड्युटी

काय जमेल तेही लिहा, तारखेसकट.

पर्वरीची_वैशू

पाठवला. हा असा:

"ताई, २८ ते २ आमच्याकडे जमणार नाही. याची प्रिलिम तोंडावर आहे. मी फोनवर 'बघते' म्हणाले त्यामुळे तुझा समज झाला असेल म्हणून तिकिटं काढायच्या आधी कळवतेय. मेच्या पहिल्या आठवड्यात तू, भाऊजी आणि मुलं चार दिवस या, मला खरंच आवडेल, मुलांना नार्वेला फेरीने नेऊया. ऑफिसच्या लोकांची सोय माझ्याकडे होणार नाही, ते मेमध्येही."

निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. पोटात गोळा.

रानजाई

धीर धर. परत काही टाईप करू नकोस!

चहाबाज

फोन सासूबाईंकडे देऊन ठेवा.

पर्वरीची_वैशू

अपडेट. रात्री "ओके" आलं. नुसतं ओके, इमोजी नाही. दुसऱ्या दिवशी मामीचा फोन माझ्या आईला, "वैशू बदलली हो". मग आईचा मला. ताईला मेसेज करणं सोपं होतं असं वाटायला लागलं. आई म्हणाली, "चार दिवसांचा प्रश्न होता, एवढं कशाला ताणलंस, माझं माहेर आहे ते." मी निशिगंध यांचं 'मी'वालं वाक्य सुरू केलं तर आई म्हणते, "हे काय बोलतेस, नीट बोल." मग नीट बोलले. म्हटलं, "आई, गेल्या वर्षी ते गेल्यावर मी तुला फोन करून तासभर त्यांच्याबद्दल बोलले होते, आठवतं? ह्या वर्षी तो तास वाचवला." त्यावर ती हसली नाही, पण पुढे ताणलंही नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरें केलें." मला वाटायचं त्यांना पाहुणे आवडतात! इतकी वर्षं त्या मला बरं वाटावं म्हणून गप्प, आणि मी त्यांना.

ताई अजून मोकळेपणाने बोलत नाहीये. मेचं हो-नाही काही सांगितलं नाही. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण भांडी शाबूत आहेत.

मीरा_फोंडा

वाईट वाटणं आणि चुकणं वेगळं. थांब जरा, मेला वेळ आहे.

मोडेन_पण

मेव्हण्याला काय मेसेज करावा ते कोणी लिहून देईल का? सीरियसली विचारतोय.

रानजाई

द्या माहिती. पण बायकोला आधी दाखवायचा.

पुणेरी_पर्यटक

सॉरी, धागा उशिरा पाहिला, मस्त चाललाय. आम्ही जानेवारीच्या शेवटी येतोय, चौघे. वैशूताई, पर्वरीत कुठलं चांगलं होमस्टे माहिती आहे का? ओळखीचं असेल तर रेटचं पण जरा बघाल का?

पर्वरीची_वैशू

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, दोन नावं देईन. फोन तुम्ही करा, रेट पण तुम्हीच ठरवा, मी मधे पडणार नाही.